एआयने लिहिलेलं पत्र, खाली माझी सही

जमाखर्च

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि तोही स्वतःच्या फजितीचा.

मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या कारखान्यात हिशेब बघते. पंचवीसेक माणसं, तीन सीएनसी मशिनं, आणि ऑफिसात मी, शेठ आणि टायपिंगचा एक मुलगा. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे आमची बिलं पाच महिने अडकली होती. फोन करकरून जीभ दुखली. शेवटी शेठ म्हणाले, "बेन, जरा कडक पत्र लिहा, कायद्याची भाषा घाला."

मी एआयला सांगितलं: आम्ही सूक्ष्म उद्योगात नोंदलेले आहोत, पैसे थकलेत, कडक पण सभ्य पत्र दे. अर्ध्या मिनिटात दीड पान हजर. इंग्रजी असं की शेठ वाचून खुर्चीत सरळ बसले. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्यातलं कलम १५, पंचेचाळीस दिवसांची मुदत, पुढे 'वार्षिक १८ टक्के सरळ व्याज', आणि शेवटी गुजरात उच्च न्यायालयाचा एक निकाल. दोन्ही पक्षांची नावं, साल, नंबर, सगळं. मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा स्पेलिंग बघत होते. सही केली, शिक्का मारला, पाठवलं.

चौथ्या दिवशी त्यांच्या लीगलमधून फोन. आवाज अगदी गोड. "बेन, पेला जजमेन्टनी कॉपी मोकली आपो ने." मी म्हटलं, हो हो, पाठवते. मग दीड तास न्यायालयाच्या साइटवर बसले. त्या नंबरचं प्रकरण निघालं, पण ते कुणाच्या तरी जमिनीच्या भांडणाचं. एआयला विचारलं, हा निकाल खरा आहे ना? म्हणे, होय. म्हटलं, मग प्रत कुठे मिळेल? तेव्हा म्हणे, 'क्षमस्व, मला या निकालाची खात्री देता येत नाही.'

वर आणखी एक. मुदतीचं कलम बरोबर होतं, व्याज नव्हतं. कलम १६ मध्ये सरळ व्याज नाहीच. रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ, असं आहे. म्हणजे मी सही करून जे मागितलं ते त्या कायद्यात कुठेच नव्हतं.

तुमच्या ऑफिसात, शाळेत काय करता? नियम आहेत का काही? मुलगा नववीत आहे, त्याचे प्रकल्पही आता मला संशयाने बघावेसे वाटतात.

तिखट_चेवडा

"तिन्ही वेळा स्पेलिंग बघत होते." ताई, हे वाचून हसलो आणि मग माझी गेल्या महिन्यातली ईमेलं उघडून बसलो. आता हसत नाहीये.

बिनतारी

जमाखर्चताई, एकट्या तुम्हीच नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले सहा खटले कोर्टात दाखल केले होते. त्यांनीही तुमच्यासारखं त्यालाच विचारलं होतं, हे खरे आहेत ना? त्याने हो म्हटलं. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला. ते तर पेशाने वकील होते.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे आत काय चालतं ते साध्या भाषेत सांगतो. हे यंत्र कपाटातून फाइल काढून तुम्हाला दाखवत नाही. प्रचंड मजकूर वाचून त्याला एवढंच मुरलंय की अशा शब्दांनंतर साधारण कुठले शब्द येतात. थकबाकीच्या कडक पत्रात शेवटी एक निकाल येतो, निकालाला दोन नावं, साल, नंबर असतो. म्हणून त्याने निकालाच्या आकाराचं काहीतरी तयार केलं. ज्या रीतीने त्याने कलम १५ बरोबर लिहिलं, त्याच रीतीने हा निकाल लिहिला. त्याच्या लेखी दोन्हीत फरक नाही. कलम १५ हजारो ठिकाणी लिहिलेलं असल्यामुळे बरोबर आलं, इतकंच.

म्हणूनच 'नक्की ना?' विचारून उपयोग नाही. तो पुन्हा तेच काम करतो, म्हणजे 'नक्की ना'नंतर साधारण काय येतं ते लिहितो. बरोबर उत्तरावर दोनदा डोळे वटारले तरी बरेचदा माफी मागून बदलून देतो, करून बघा.

इंटरनेटवर शोधून उत्तर देणारी सोय चालू केली तर बरं पडतं, पण तीही पुरती भरवशाची नाही. दुवा खरा असतो आणि दुव्याखाली तो म्हणतो ते नसतंच, असं मी पाहिलंय. दुवा उघडून वाचायचा.

मराठीचं विचाराल तर शिकायला मिळालेला मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा. गुळगुळीत बोलतो, पण खोली कमी.

उलटतपासणी

एवढं काय घाबरताय? कॅलक्युलेटर आला तेव्हाही लोक म्हणाले होते पोरांचे पाढे गेले. आमच्या सासूबाईंना गुजराती वाचता येत नाही (होय, चाळीस वर्षं बडोद्यात राहून). घरपट्टीची नोटीस आली की फोटो काढतात, एआय मराठीत सांगतो. आधी दर वेळी माझी वाट बघत बसायच्या. हे वाईट आहे का?

बिनतारी

वाईट कसलं, उत्तम आहे. फक्त रक्कम आणि शेवटची तारीख मूळ कागदावर बोट ठेवून जुळवून घ्यायची. कॅलक्युलेटरचं म्हणाल तर सत्तावीस गुणिले चौदा सकाळी केलं काय आणि संध्याकाळी केलं काय, तेच येतं. इथे तसं नाही.

उलटतपासणी

मुद्दा मान्य. सासूबाईंनी गेल्या खेपेला तारीख विचारलीच नव्हती, हेही मान्य.

खडू-फळा

मी इथेच एका शाळेत आठवी-नववीला समाजशास्त्र शिकवते. शाळेच्या बाजूने लिहिते, जरा लांबेल.

यंदा प्रकल्प दिला, 'सयाजीराव महाराज आणि शिक्षण'. बडोद्याच्या मुलांना यापेक्षा घरचा विषय कुठला? वह्या आल्या. अक्षर प्रत्येकाचं वेगळं, मजकूर एकाच घरचा. १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्ती, डॉ. आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती. सगळं बरोबर. आणि मग निम्म्या वर्गाच्या वह्यांत एक वाक्य: 'महाराजांनी १९४९ साली विद्यापीठाची स्थापना केली.'

मी रागावले नाही. वर्गात फक्त विचारलं, महाराज वारले कधी? पहिल्या बाकावरच्या मुलीने स्वतःचीच वही मागे उलटली आणि वाचलं, "६ फेब्रुवारी १९३९." मग ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "टीचर, मग हे काढलं कोणी?" मागून आवाज आला, "भुताने!" वर्ग पाच मिनिटं हसत होता.

चूक कशी झाली असेल ते आम्ही मग मिळून शोधलं. बडोदा कॉलेज महाराजांच्या काळातलं, १८८१ चं. त्याच्यातूनच पुढे विद्यापीठ वाढलं, १९४९ मध्ये, आणि नाव महाराजांचं. कॉलेज, नाव, साल, तिन्ही खरी. सांधली की खोटं. त्यातून आजूबाजूला इतकी बरोबर सालं की हे एक डोळ्यात खुपतच नाही. मलाही दुसऱ्या वाचनात दिसलं, हे इथे कबूल करते. वर्गात केलं नाही.

पुढच्या तासाला सगळ्यांच्या हातात लाल पेन दिलं. जे तपासता येईल, म्हणजे साल, आकडा, नाव, जागा, त्याच्याखाली रेघ मारा आणि प्रत्येक रेघेसमोर ते कुठे सापडलं ते लिहा. पाठ्यपुस्तक, वाचनालयातलं पुस्तक, विद्यापीठाची स्वतःची साइट, काहीही चालेल, पण 'गुगलवर' असं उत्तर चालणार नाही. दहा मिनिटांनी एक मुलगा (एरवी मागच्या बाकावर डबा खाणारा) उठला आणि म्हणाला, "टीचर, माझ्या दुसऱ्या पानावर लाल करण्यासारखं काहीच नाही." बघितलं तर खरंच. 'दूरदृष्टीचे', 'प्रजाहितदक्ष', 'शिक्षणाचे महत्त्व ओळखणारे', सबंध पान तसंच. मी इतकी वर्षं पोरांना 'पाल्हाळ लावू नका' सांगत आलेय, कुणाला कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं.

आता प्रकल्पाचा नमुनाच बदललाय. घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाला त्यांच्या शाळेबद्दल विचारून यायचं. प्रश्न काढायला एआयची मदत घ्या, मला दाखवा. उत्तरं माणसाकडून आणा. लेखन वर्गात, हाताने. एका आजींनी सांगितलं की शाळेत जायला पावसाळ्यात विश्वामित्रीच्या पुलावरून जायचं आणि पाणी चढलं की सुट्टी, मगर दिसली तर दोन सुट्ट्या. हे कुठल्या यंत्राला येणार?

जमाखर्चताई, एक विनंती. मुलावर त्या 'एआय ओळखणाऱ्या' साइटांच्या भरवशावर संशय घेऊ नका. मी माझा २०११ चा लेख, शाळेच्या वार्षिक अंकातला, तिथे टाकून पाहिला. बहुतांशी यंत्राने लिहिलेला निघाला! चॅटजीपीटीवाल्या कंपनीने स्वतःचं असं ओळखयंत्र जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. त्यांना जे जमलं नाही त्याच्या जोरावर मी एखाद्या पोराला खोटारडा कशी म्हणू? त्यापेक्षा त्याने लिहिलेल्यातलं एक वाक्य घेऊन विचारा, हे म्हणजे काय रे? दोन मिनिटांत कळतं.

तिखट_चेवडा

मगर दिसली तर दोन सुट्ट्या! वाखूसा (वाचनखूण साठवली).

कमाटीबाग

मी अजून कुठे बोलले नाही ते इथे बोलते. एका कंपनीत एचआरला आहे. नियम असा की एआय वापरायचं नाही. आणि साहेब सांगतात, दहा मिनिटांत कर, बाकीच्यांचं होतं ना. बाकीचे टेबलाखाली मोबाइल धरून काय करतात ते साहेबांनाही ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात ओव्हरटाइमचा एक्सेलचा फॉर्म्युला बसत नव्हता, म्हणून मी सगळी शीटच उचलून टाकली. नावं, मोबाइल, आधार नंबर, पगार. फॉर्म्युला मिळाला. घरी आले, ताटावर बसले आणि घास घशाखाली उतरेना. आता ते परत घेता येतं का?

बिनतारी

ताई, पूर्ण परत नाही घेता येत. पण आज एवढं करा. ती चॅट काढून टाका. सेटिंगमध्ये डेटाच्या भागात 'मॉडेल सुधारण्यासाठी वापरा' असा एक खटका असतो, तो बंद करा. आणि वरिष्ठांना सांगा. शेवटचं जड जाईल, पण नंतर बाहेरून कळण्यापेक्षा बरं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि त्या लोकांनी आधार नंबर पगारासाठी दिला होता, आपल्या फॉर्म्युल्यासाठी नाही.

पुढच्या वेळी लक्षात घ्या, फॉर्म्युल्याला माणसं लागतच नाहीत. वरच्या रकान्यांची नावं आणि खाली दोन खोट्या ओळी, कर्मचारी क, कर्मचारी ख, तास नऊ, तास अकरा. तेवढ्यावर तोच फॉर्म्युला मिळतो.

नियमांचं म्हणाल तर मोठे मोठेही ठेच खाऊनच शिकलेत. सॅमसंगच्या लोकांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला, मग कंपनीने मे २०२३ मध्ये बंदी घातली. आपल्या अर्थमंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ही साधनं वापरू नका म्हणून कळवलं. पण नुसती बंदी घातली की टेबलाखालचे मोबाइल वाढतात, हे तुम्हीच लिहिलंय.

कमाटीबाग

सांगितलं साहेबांना. आधी दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "मी पण गेल्या महिन्यात टेंडर टाकलं होतं." आता आम्ही दोघं मिळून आयटीवाल्याकडे जाणार आहोत.

रावपुऱ्याचे_काका

धागा वाचतोय. माझं वय अठ्ठ्याहत्तर, मोबाइल नातवाचा. जरा अवांतर आहे, पण जमाखर्चबाईंच्या निकालाची सख्खी बहीण वाटावी अशी हकीगत आहे.

आमच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत मोडीतला एक कागद निघाला. आजोबा गायकवाडीत कारकून होते. घरात मोडी कोणालाच येत नाही. नातवाने फोटो काढून एआयला दिला. त्याने खाडकन वाचून दाखवलं की ही इनामाची सनद आहे, श्रीमंत महाराजांनी सेवेबद्दल खूश होऊन पादरा तालुक्यात पाच बिघे जमीन वंशपरंपरा दिली. अहो, घरात दिवाळी! सूनबाईंनी शिरा केला. धाकट्याने तर पुण्याच्या भावाला फोनही लावला.

मला झोप येईना. आमच्या वडिलांनी सगळी हयात भाड्याच्या घरात काढली आणि पाच बिघ्यांचा शब्द कधी काढला नाही? सकाळी नातवाला म्हटलं, तोच फोटो पुन्हा दे, नव्याने. आता जमीन सात बिघे झाली आणि डभोई तालुक्यात गेली. तिसऱ्यांदा मी मुद्दाम कागद उलटा धरायला लावला. तरी वाचला! या खेपेला महाराज आमच्या आजोबांच्या विद्वत्तेवर खूश झाले होते.

नातू म्हणाला, आजोबा, याला मोडी येतच नाही. मी म्हटलं, येत नाही यात कमीपणा नाही, मलाही येत नाही. पण मी येत नाही असं म्हणतो.

बिनतारी

काका, साष्टांग नमस्कार. तुम्ही केलंत ती खरी चाचणी. तीच गोष्ट नव्याने तीनदा विचारायची, तीन वेगळी उत्तरं आली तर समजायचं की आत काही नाही. (तिन्ही सारखी आली तरी पुरावा होत नाही, पण तो पुढचा धडा.)

मोडीचं तर सगळंच कठीण. आधी ओळभर रेघ, मग तिला अक्षरं टांगलेली, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळपास नाही, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. युनिकोडमध्येच मोडी २०१४ ला आली. यंत्राला शिकायला टाइप केलेली मोडी मिळणार कुठून?

खडू-फळा

काका, आमच्या ओळखीत मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत, दांडिया बाजारात. कोठीच्या (जुन्या सरकारी कचेरीच्या) दफ्तरखान्यात बरीच वर्षं जात होते. व्यक्तिगत निरोपात पत्ता देते. कागद घेऊनच जा, फोटो नको.

जमाखर्च

सगळ्यांचे आभार. धागालेखिकेचा अहवाल देते.

शेठना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. ते म्हणाले, "बेन, मी पण वाचलं होतं ना." मग कायद्याचा मूळ मजकूर सरकारी साइटवरून छापून घेतला आणि आम्ही दोघं पेन घेऊन बसलो. कलम १५, १६, आणि थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे तक्रार न्यायची झाली तर कलम १८. एकूण पानं बघून शेठ म्हणाले, एवढंच आहे? पहिल्याच दिवशी वाचलं असतं तर अर्धा तास लागला असता.

नवं पत्र मी लिहिलं. गुजराती ढंगाचं माझं इंग्रजी एआयकडून नीट करून घेतलं, पण गिऱ्हाइकाचं नाव, रकमा, बिलांचे नंबर त्याला दिलेच नाहीत, त्या जागी फुल्या. आल्यावर मी भरले. बाजूला मूळ कागद ठेवून प्रत्येक आकड्यावर टिकमार्क. एका ठिकाणी त्याने माझं 'बँक रेटच्या तिप्पट' हे जास्त सुंदर करून 'बँकेच्या प्रचलित दराने' केलं होतं! भाषा सुधारताना अर्थही सुधारला. आता आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून वाचते. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की आमच्या आधीच्या पत्रातला निकालाचा उल्लेख चुकीचा होता, तो मागे घेत आहोत. हे वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि ते एआयला दाखवलं नाही.

त्यांच्या लीगलवाल्याचा पुन्हा फोन आला. हसत होता. म्हणाला, "बेन, दर आठवड्याला असं एक तरी पत्र येतं. मागे घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच." अर्धे पैसे आलेत. उरलेले येत्या आठवड्यात. जीआयडीसीतल्या माणसांना तो आठवडा किती लांब असतो ते सांगायला नको.

मुलाच्या प्रकल्पातलं एक वाक्य घेऊन विचारलं, हे म्हणजे काय रे? त्याने नीट सांगितलं. उलट मलाच विचारलं, आई, तू पत्र वाचलं नव्हतंस?

तिखट_चेवडा

शेवटच्या वाक्याला शंभर मार्क. काका, कागदाचं काय झालं?

रावपुऱ्याचे_काका

जाऊन आलो. ते गृहस्थ माझ्याहून मोठे निघाले. भिंग काढलं, कागद उजेडाकडे नेला, बराच वेळ ओठ हलवत होते. दोन शब्द लागत नव्हते, तिथे त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्हं केली आणि म्हणाले, हे मला लागत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू.

बाकीचं लागलं. तूप चार शेर. गूळ अर्धा मण. हरभराडाळ, वेलदोडे, पत्रावळी, आणि आचाऱ्याला विसार म्हणून दिलेले रुपये. खाली आजोबांची सही. कोणाच्या तरी लग्नाची यादी आहे. सालावरून हिशेब केला तर आत्याच्या असावी.

सनद नाही म्हणून धाकटा खट्टू झाला. पुण्याच्या भावाला आता मी फोन करणार आहे. घरात मात्र दोन दिवस एकच वाद चालू आहे, चार शेर तूप किती पानांना पुरलं असेल.